आरपार दगड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इथल्या शाळेत हस्तव्यवसाय शिकवत. त्यांच्या हाताखाली रंधा मारायला शिकलेली माणसं आज समोर बसली आहेत. त्यांना मी गुरुजींबद्दल काय सांगणार? म्हणून थेट विषयाला हात घालतो. साधं, स्वावलंबी जगणं आणि आपल्या हातानं बांधलेलं घर, असा विषय संयोजकांनी दिला आहे. हा विषय निघाला की हल्ली एक ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं: डोंगराच्या पायथ्याशी मातीचं घर, ओटीवर कंदील, शहरातली नोकरी सोडून आलेलं जोडपं. अशा माणसांबद्दल मला आदर आहे. त्यांतली काही फार मन लावून काम करतात. पण मी सुरुवात करणार आहे किल्लारीपासून. दगडमातीच्या घराची बाजू ज्याला घ्यायची असेल, त्यानं आधी किल्लारीला उत्तर दिलं पाहिजे. ते न देता या विषयावर बोलणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, किल्लारीसह लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं भूकंपानं हादरली. गणपती विसर्जन करून लोक नुकते कुठे झोपले होते. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे जगाच्या मानानं मध्यम. तरीही सरकारी नोंदीतला मृतांचा आकडा आठ हजारांच्या जवळ जातो. इतर गणतींत तो याहून मोठा आहे. भूकंपानं माणसं मारली असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती घराखाली सापडून गेली. आणि ती घरं लोकांनीच बांधली होती. शिवारातला दगड, गावची माती, भाऊबंदांचे हात. ठेकेदार नाही, बँकेचं कर्ज नाही, बाहेरून आणलेला माल जवळजवळ नाही. स्वावलंबी घराच्या कुठल्याही व्याख्येत बसतील अशी ती घरं होती.

त्या घराची भिंत जवळून पाहू या. जाडी दोन-अडीच फूट, कुठे तीन फुटांच्याही वर. बाहेरून किल्ल्यासारखी भक्कम दिसणारी. पण तिचे दोन पदर असत: एक बाहेरचा, एक आतला, दोन्ही ओबडधोबड, गोलसर दगडांचे, मातीच्या गाऱ्यात रचलेले. मधल्या पोकळीत चिपा, खडी आणि माती लोटलेली. दोन्ही पदर एकमेकांना टेकून उभे होते, पण कुणी कुणाला धरलेलं नव्हतं. जमीन आडवी हलली की बाहेरचा पदर बाहेर, आतला पदर आत, आणि मधली भर खाली. घरात झोपलेल्या माणसाच्या अंगावर आतला पदर येतो.

वर माळवद. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या छतासारखं सुख नाही. भर दुपारी आतलं घर गार असतं. पण दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची पद्धत होती आणि जुनी काढायची पद्धत नव्हती. बापानं टाकलेल्या मातीवर मुलगा टाकी, त्यावर नातू. एक फूट जाडीची माती दहा बाय दहाच्या खोलीवर असेल तर तिचं वजन साडेचार टनांच्या आसपास भरतं. कित्येक घरांवर ती दीड-दोन फुटांपर्यंत चढलेली होती.

आता त्याच गावांतली दुसरी साक्ष. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांनी स्वतंत्रपणे पेलला होता आणि जिथे सांधे घट्ट होते, तिथे भिंती पडल्या तरी छत पुष्कळदा उभं राहिलं. हलक्या छपराच्या, कुडाच्या झोपड्या तगल्या. ज्यांना दगडी घर परवडलं नव्हतं, त्यांतले अनेकजण त्या पहाटे वाचले. म्हणजे दोष सरसकट मातीचा म्हणता येत नाही, हातानं बांधण्याचाही म्हणता येत नाही. भिंतीत एक गोष्ट कमी होती आणि छतावर एक गोष्ट जास्त होती.

भिंतीत कमी होता तो आरपार दगड. आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत पोहोचणारा, दोन्ही पदरांना एकत्र बांधणारा लांब दगड. दगडी बांधकामाचं भारतीय मानक सांगतं की असा दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत १.२ मीटरच्या आत यायला हवा. आपल्या भाषेत दर दोन फूट उंचीला आणि चार फुटांच्या आत एक. याला जादा पैसा जवळजवळ लागत नाही. तोच दगड, त्याच शिवारातला, फक्त लांब निवडायचा. घडीव काम करणाऱ्या पाथरवटाला हे कुठल्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. मग तो दगड गावच्या भिंतींमधून का गेला? माझं मत सांगतो. लांब दगड शोधावा लागतो, दोघांनी उचलावा लागतो, नीट बसवावा लागतो आणि एकदा गिलावा झाला की तो कुणालाच दिसत नाही. ज्याच्या कामाला मान आहे आणि पुरेशी मजुरी आहे, तो माणूस न दिसणारं काम नीट करतो. आपण पाथरवटाला, वडाराला, बेलदाराला मान कधी दिला? गावकुसाबाहेर ठेवलं, पडेल त्या मजुरीवर राबवलं. त्यांच्या मुलांनी संधी मिळताच हा धंदा सोडला आणि ते अगदी योग्य केलं. पण त्यांच्याबरोबर कितीतरी ज्ञान निघून गेलं. त्याची किंमत पुढे गावानं मोजली.

म्हणून मला सांगायचं आहे ते एवढंच की आपल्या हातानं बांधलं म्हणून घर चांगलं होत नाही. हातात विद्या असावी लागते, ती पारखणारी माणसं शेजारी असावी लागतात आणि ती पुढच्या पिढीला रीतसर शिकवावी लागते. या तीन गोष्टी नसतील तर मातीचं घरही परावलंबी असतं, मग ते कितीही देखणं असो.

हेच आजच्या सिमेंटच्या घरांना लावून बघा. सरकारी सर्वेक्षणात मातीची भिंत दिसली की घर कच्चं, विटा-सिमेंट दिसलं की पक्कं. माल पाहिला जातो, काम पाहिलं जात नाही. खांबातल्या गजांना रिंगा किती घातल्या, त्यांची टोकं आत वळवली का, स्लॅबच्या गजाखाली पुरेसं काँक्रीट आहे की गज पत्र्याला टेकलेलाच आहे, बांधकामावर पाणी किती दिवस मारलं? घरमालक यांतलं काहीही विचारत नाही, कारण काय विचारायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तो रंग आणि फरशी निवडतो. आरपार दगड त्याच्याही घरात नसतो, फक्त त्याचं रूप वेगळं असतं.

भूकंपानंतर दोन वाटांनी काम झालं. जी गावं पार जमीनदोस्त झाली होती, अशी ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, बहुतेक ठिकाणी सरळ रेषेतल्या रस्त्यांवर रांगेनं. लोकांनाच तेव्हा दगडाखाली परत झोपायचं नव्हतं. त्यांना दोष देणाऱ्यानं त्यांच्या जागी उभं राहून पाहावं. पण ही घरं बहुतांशी इतरांनी बांधून दिलेली होती. भिंतीत काय आहे हे राहणाऱ्याला माहीत नव्हतं, म्हणून भेग पडली की ती साधी की धोक्याची, हेही त्याला कळत नव्हतं.

दुसरी वाट कमी गाजली. माझ्या दृष्टीनं महाराष्ट्रानं या विषयात केलेलं सर्वांत मोठं काम तेच आहे. ज्या गावांत घरांचं नुकसान झालं पण घरं उभी होती, अशा हजाराहून अधिक गावांत दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम चालला. घरांची संख्या दोन लाखांच्या आसपास. पैसा टप्प्याटप्प्यानं घरमालकाला मिळे. माल आणायचा, गवंडी ठरवायचा, काम करून घ्यायचं ते त्यानं. अभियंता सल्ला देई आणि तपासणी करी. गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून स्थानिक महिला नेमल्या गेल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. कोणत्या घराला काय दुरुस्ती लागेल, हप्ता कधी मिळेल, माल कसा पारखायचा, हे या बायका घरोघरी समजावून सांगत. घर बांधणं हा पुरुषांचा विषय आणि सारवणं हा बायकांचा, ही वाटणी त्या काळात पुष्कळ ठिकाणी सैल झाली.

उभ्या भिंतीत आरपार दगड मागाहून कसा घालतात, हे तपशिलात सांगतो, कारण ते तुमच्यापैकी कुणालाही शिकता येईल. भिंतीवर जागा आखून घ्यायची. गिलावा खरवडून दगडांच्या सांध्यांतली माती मोकळी करायची. मग लहान पहारीनं एक दगड हलकेच इकडून तिकडे हलवत सुटा करायचा. घण मारायचा नाही. घणानं शेजारचे चार दगड हलतात. दगड निघाला की मधली भर हातानं काढत पलीकडच्या पदरापर्यंत जायचं, आणि तिकडच्या माणसानं त्याच रेषेतला दगड काढायचा. भोक मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद ठेवायचं, डमरूच्या आकाराचं. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवायची, ती सगळीकडून काँक्रीटमध्ये बुडेल अशी. मग काँक्रीट ठासून भरायचं आणि दहा दिवस ओलं ठेवायचं. एवढंच. दोन माणसं लागतात, एक आत आणि एक बाहेर, आणि त्यांना एकमेकांचा आवाज ऐकू यावा लागतो. छतावरची जादा माती उतरवायची, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्यायचे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी आणि गवंड्यांनी हे केलेलं आहे. यंत्र लागलं नाही.

या विद्येचा मान वाढवणारी माणसं आपल्याकडे झाली. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले, तेव्हा तिथली घरं माती, बांबू आणि कौलांची झाली. त्यांतली गांधीजींची बापू कुटी मूळची त्यांच्या शिष्या मीराबेन यांची. भिंतीवरची ताडाच्या झाडांची मातीतली उठावचित्रं मीराबेननी हातानं केलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉरी बेकर नावाचा एक तरुण इंग्रज वास्तुतज्ज्ञ मुंबईत बोटीची वाट पाहत थांबला असताना त्याची गांधीजींशी गाठ पडली. घराचा सगळा माल पाच मैलांच्या आत मिळालेला असावा, हे गांधीजींचं म्हणणं बेकर जन्मभर सांगत राहिले. पुढे ते पिठोरागडच्या डोंगरात पंधराएक वर्षं राहिले आणि तिथल्या निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या गवंड्यांकडून शिकले. मग तिरुवनंतपुरम. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडायची त्यांची पद्धत नऊ इंची भिंतीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचवते आणि ती पोकळी ऊन अडवते. मला बेकर थोर वाटतात ते मात्र वेगळ्या कारणासाठी. ते जागेवर उभे राहून, गवंड्याशी बोलत, तिथल्या तिथे रेखाटून काम करत, आणि आपल्या युक्त्या साध्या चित्रांच्या पुस्तिकांमधून सर्वांना मोकळ्या हातानं देत. त्यांनी ज्ञान स्वतःजवळ ठेवलं नाही.

आता एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. साध्या घराचं कौतुक करणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त आहेत, आणि शेणामातीची जमीन सारवणाऱ्या सगळ्या बायका आहेत. आठ-पंधरा दिवसांनी जमीन सारवायची, सणाला भिंती पोतारायच्या, पावसाळ्यात ओल आली की पोपडे भरायचे. कमरेत वाकून, उकिडवं बसून, स्वयंपाक आणि शेतातलं काम उरकून. एखादी बाई म्हणते की मला फरशी हवी, तेव्हा ती बाजाराला भुललेली नसते. तिला पाठ सरळ करायची असते. स्वावलंबनाचा हिशेब मांडताना हात कुणाचे, हे विचारलंच पाहिजे. माझ्यापुरतं उत्तर असं: भिंत मातीची ठेवा, जमीन शहाबादी फरशीची करा, आणि जे सारवणं उरेल त्यात घरातल्या मुलांनी आणि पुरुषांनी बसावं. मातीच्या भिंतीला रुंद वळचण द्या आणि जोतं दगडाचं, उंच घ्या. पावसाचा मार आणि जमिनीची ओल भिंतीला लागली नाही की निम्मी डागडुजी कमी होते. सह्याद्रीत कारवीच्या कुडाची घरं बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. कारवी सात वर्षांनी फुलून वाळते, तिचे सरळ सोट कुडाला वापरायचे आणि त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा. भिंत बोटभर जाडीची, पण छप्पर गुडघ्यापर्यंत उतरलेलं.

मग हे शिकवायचं कुठे? १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम पुढे आली. तिचा गाभाच हा होता की मुलानं उत्पादक काम करता करता शिकावं. ती देशभर रुजली नाही. हाताचं काम म्हणजे हलकं काम, हा समज शाळेच्या इमारतीपेक्षा पक्का निघाला. पण पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला आणि तो विचार वेगळ्या वाटेनं जिवंत केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेत काम, मग मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात वरिष्ठ पद. हे सगळं सोडून ते शिरूर तालुक्यातल्या कमी पावसाच्या गावात आले. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुलं त्यांनी घेतली. वर्षभरात ही मुलं वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन शिकतात, आणि शिकतात ती गावाची खरी कामं घेऊन. कुणाचं फाटक, कुणाचा गोठा, कुणाची मोटार. काम बिघडलं तर गिऱ्हाईक बोलतो. त्याहून चांगली परीक्षा कुठल्या मंडळाला घेता येणार आहे?

पाबळचा घुमट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण एकमेकांना बोल्टनं जोडून अर्धगोल सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी ताणायची आणि सिमेंटचा पातळ गिलावा द्यायचा. वजन कमी, मध्ये एकही खांब नाही, धक्का सगळ्या अंगावर वाटला जातो. यात सिमेंट आहे, लोखंड आहे. पाच मैलांचा नियम इथे मोडतो. मला त्यात काही गैर वाटत नाही. दहावी नापास मुलगा तो सांगाडा मोजून कापतो, जोडतो, एखादी पट्टी वाकली तर का वाकली हे सांगू शकतो. घराचं ज्ञान घरात राहतं. कलबाग २००३ साली गेले. आश्रम चालू आहे. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम कित्येक शाळांमध्ये आठवड्यातून एक दिवस चालतो. माध्यमिक शाळेच्या मुलींनी नळाचे सांधे जोडायचे, मुलांनी भाजी फोडणीला टाकायची.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे भाषण आपल्यासाठी नाही असं समजू नये. घराचा मुख्य पाण्याचा कॉक कुठे आहे, विजेच्या पेटीतलं कुठलं बटण कुठल्या खोलीचं, गळक्या नळाचा वायसर कसा बदलायचा, मिक्सरचा ब्रश झिजला हे आवाजावरून कसं कळतं, हे आठवीतल्या पोराला यायला हवं. बटण बंद करून, टेस्टरनं खात्री करून मगच हात लावायचा, हेही त्याच दिवशी शिकवावं. घरात दुरुस्तीला माणूस आला की त्याला चहा द्या, आणि मुलांना त्याच्या शेजारी बसवा. त्याला विचारू द्या. बहुतेक कारागीर मनापासून सांगतात. त्यांना कधी कुणी विचारलेलं नसतं.

साधेपणाबद्दल मी फार बोललो नाही, ते जाणूनबुजून. ज्याच्या डोक्यावर गळका पत्रा आहे त्याला साधेपणाचं व्याख्यान देणं मला जमत नाही. ज्याच्याकडे पुरेसं आहे त्यानं घर किती मोठं बांधावं, हे मात्र जरूर विचारावं, आणि त्याला माझ्याकडे एक व्यवहारी मोजमाप आहे: दिवाळीच्या आधी जेवढं घर कुटुंबातली माणसं मिळून, मोलकरीण न बोलावता झाडून, पुसून, रंगवून काढू शकतात, तेवढं. त्यापलीकडच्या खोल्या दुसऱ्याच्या हातांवर उभ्या असतात.

शेवटी कामाचं बोलू. आज दुपारी मी तुमच्या वाचनालयाची इमारत हिंडून पाहिली. मागच्या बाजूच्या दगडी भिंतीनं, ग्रंथालयाच्या खिडकीखाली, पोट काढलं आहे. ओळंबा लावला तर जोत्यापासून चारेक फुटांवर ती चांगली तीन बोटं बाहेर आलेली आहे. कार्यकर्त्यांनी सांगितलं की भिंत पाडून नवी बांधायचं अंदाजपत्रक आलं आहे आणि तेवढे पैसे नाहीत. माझ्या मते आख्खी भिंत पाडायची गरज नाही. फुगलेला भाग आधार देऊन उतरवून पुन्हा रचावा लागेल, त्यात आरपार दगड बसवायचे. उरलेल्या भिंतीत आत्ता सांगितलं तसे बारा-तेरा आरपार सांधे घालावे लागतील. पावसाळ्याला अजून तीन महिने आहेत. शाळेचे नववीचे वर्ग, गावातले दोन गवंडी आणि गुरुजींचे जुने विद्यार्थी असे मिळून हे होऊ शकतं. काम सुरू करायच्या आधी संरचना तपासणाऱ्या अभियंत्याची लेखी संमती घ्यायची. ती जबाबदारी माझी. मजुरी गवंड्यांना पूर्ण द्यायची, त्यात श्रमदान मागायचं नाही, कारण ते शिकवणार आहेत. टोकं वळवलेल्या सळया, दोन लहान पहारी, सिमेंट आणि वाळू एवढं सामान लागेल. खिडकीजवळची पुस्तकांची कपाटं आधी हलवावी लागतील, आणि ते उद्या सकाळीसुद्धा सुरू करता येईल. दाराशी वही ठेवली आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी नाव आणि कुठल्या वारी वेळ आहे ते लिहून जावं.